खोक्यावरचा आकडा

बाबू,

तुझा मेसेज वाचला. “सर, सीताबर्डीच्या दुकानदारानं फसवलं मले. सहा हजारचा रॅम म्हणून देल्ला अन् वर्षभर अठ्ठेचाळीसशेवरच चालून राहिला. आता सेटिंग केली तर मशीनच सुरू नाही होऊन राहिली. ग्राहक मंचात जातो मी.” खाली लाल तोंडाचे तीन चेहरे.

जा ना, कोण अडवतंय? फक्त तिथे उभं राहून नेमकं काय सांगणार, तेवढं आधी मला लिहून पाठव. तुझ्या त्या मेसेजात दुकानदाराचा गुन्हा मला कुठेच सापडला नाही. मग फोनवर खोदून विचारलं, तेव्हा तुझेच एकेक पराक्रम बाहेर आले. तिसऱ्या वर्षाला आहेस, तेही कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या. दुसऱ्या कुठल्या पोट्ट्यानं हे केलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. तुला सोडणार नाही.

पट्टीवरच्या स्टिकरचा फोटो तूच मला पाठवलास. पाठवण्याआधी वाचलास का? त्यावर लिहिलंय डीडीआर५-६०००, त्याखाली ३०-३८-३८-९६, आणि बाजूला १.३५ व्होल्ट. तू पहिला आकडा वाचलास आणि तिथेच थांबलास. बाजार तेवढाच मोठ्या अक्षरात छापतो, हे मान्य; पण तुझा सिलॅबस बाजार ठरवत नाही. शेवटचा आकडा बघ. मेमरीची प्रमाणं जेडेक नावाची संस्था ठरवते आणि तिच्या हिशेबात डीडीआर५ला १.१ व्होल्ट पुरतात. मग इथे १.३५ कशाला? कारण ६००० हा या पट्टीचा मुळातला वेग नाही. व्होल्टेज वाढवून, टायमिंग आवळून कंपनीनं तिच्याकडून तो काढून घेतलाय. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. स्टिकरवर सगळी कबुली आहे. वाचणारा हवा.

प्रत्येक पट्टीवर एसपीडी नावाची इवलीशी चिप असते. मशीन सुरू होताना बोर्ड आधी तीच वाचतो. तुझ्या पट्टीवरच्या चिपमध्ये दोन प्रकारचे तक्ते आहेत: जेडेकच्या प्रमाणाचा, म्हणजे ४८०० आणि सीएल ४० (सीएल म्हणजे पहिला डेटा यायला लागणारे क्लॉकचे ठोके), आणि कंपनीनं भरलेला, ६००० आणि सीएल ३०. कोणी काही सांगितलं नाही, तर बोर्ड पहिला तक्ता उचलतो, कारण त्यावर मशीन हमखास उठतं. दुसरा तक्ता आपण बायोसमध्ये जाऊन निवडायचा असतो. इंटेलनं ही सोय २००७ साली, डीडीआर३च्या काळात एक्सएमपी या नावानं आणली. एएमडीनं डीडीआर५साठी २०२२ मध्ये स्वतःची एक्स्पो काढली. मशीन चालू करताना डिलीट बटण दाबायचं, एक्स्पो निवडायचं, एफ१० दाबून सेव्ह करायचं. एवढं काम वर्षभर तुझ्याच्यानं झालं नाही आणि वर्षानंतर चोर ठरला दुकानदार.

दुसरा मेसेज तर त्याच्यावर कडी. “सर, सीपीयू-झेडमध्ये २४००च दिसून राहिलं, अर्ध्यावर आणलं त्यानं!” अरे, डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट. क्लॉकची लाट वर जाताना एकदा आणि खाली येताना एकदा, असा डेटा दोनदा जातो. २४०० मेगाहर्ट्झचा क्लॉक म्हणजे सेकंदाला ४८०० मेगाट्रान्स्फर. ६००० नीट लागलं तरी सीपीयू-झेड हा प्रोग्राम ३०००च दाखवणार आहे. तेव्हा पुन्हा बोंब मारू नकोस. परीक्षेत याची आकृती काढून तू मार्क घेतले असशीलच. ते मार्क परत मागायची सोय असती तर बरं झालं असतं.

तुझे बाबा हिंगणघाटच्या बाजारात कापूस नेतात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. म्हणून सीसीआयच्या खरेदी केंद्रावर गाडी लावली की ८११० हातात पडतात का? आधी ओलावा मोजतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर कपात, आणि बाराच्या वर काटा गेला की गाडी परत. जाहीर केलेला भाव खोटा नसतो, तो अटींसकट असतो. बाबांना हे कुठल्या कॉलेजनं शिकवलं नाही, तरी गाडी भरण्याआधी ते कापूस वाळवून घेतात. त्यांच्या त्याच पैशातून तू मशीन घेतलंस आणि अटींचा कागद खोक्यासकट माळ्यावर टाकलास.

अटी काय, ते आता तरी ऐक. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो, त्यामुळे वेगाची खरी हमी देणारा तो. तुझ्या रायझन ५ ७६००साठी एएमडीची अधिकृत हमी दोन पट्ट्यांवर ५२००पर्यंत आहे. ६००० नव्हे. त्यापुढचं सगळं आपल्या जबाबदारीवर. प्रमाणाबाहेर मेमरी चालवली तर प्रोसेसरची वॉरंटी जाते, असं एएमडी स्वतः लिहून ठेवते. आता यावरून घाबरून ४८००वरच बस, असंही मी म्हणत नाहीये. रायझन ७००० बाजारात आणताना ६००० हा त्याच्यासाठी नेमका जमणारा वेग आहे, असं एएमडीच्याच माणसांनी सांगितलं होतं, आणि बहुतेक प्रोसेसर तो पेलतात. सीएल ४०वर ४८०० चालवलं तर पहिला डेटा हाती यायला सुमारे १६.७ नॅनोसेकंद लागतात. सीएल ३०वर ६००० चालवलं तर १०. फरक खरा आहे आणि तो मिळवण्यासारखा आहे. म्हणजे दुकानदारानं तुला वस्तू योग्यच दिली होती.

तुझा एक मित्र मात्र खराच अडकलाय. इंटेलच्या एच६१० बोर्डवर ३६००चा डीडीआर४ घेऊन बसलाय आणि एक्सएमपी शोधतोय. त्या चिपसेटला मेमरी ओव्हरक्लॉकिंगची परवानगीच इंटेलनं ठेवलेली नाही. ३२००वर समाधान मान म्हणावं त्याला. बी६६० घेतला असता तर गोष्ट वेगळी होती.

कंपन्या धुतल्या तांदळाच्या आहेत असं समजू नकोस. मोठ्या अक्षरात वेग छापायचा आणि ‘बायोसमध्ये बदल करावा लागतो’ हे बारीक अक्षरात, किंवा तेही नाही, हा धंदा त्यांनी वर्षानुवर्षं केला. अमेरिकेत याच मुद्द्यावर कोर्सेअर कंपनीविरुद्ध ग्राहकांनी दावा लावला आणि २०२५ मध्ये तो ५५ लाख डॉलरवर मिटला. तेव्हा तुझ्या रागात थोडं तथ्य आहे. पण तो दावा लावणारे सामान्य ग्राहक होते. तू उद्या ‘सिस्टीम इंजिनिअर’ म्हणून नोकरी मागायला जाणार आहेस.

आता तू पाठवलेला कॅबिनेटचा फोटो. बोर्डवर चार स्लॉट, आणि तू दोन्ही पट्ट्या प्रोसेसरला लागून असलेल्या पहिल्या दोन स्लॉटमध्ये खुपसल्यास. का? “जवळ होते म्हणून.” त्या दोन जागा ए१ आणि ए२, म्हणजे एकाच चॅनेलच्या. दुसरं चॅनेल वर्षभर रिकामं. कागदावरचा हिशेब कर: एका चॅनेलवर ४८००ची मेमरी सेकंदाला ३८.४ गिगाबाइट देते, दोन चॅनेलवर ६०००ची ९६. या दोन आकड्यांमधलं अंतर कुठल्या दुकानदारानं खाल्लं, सांग बरं. मॅन्युअलमध्ये चित्र काढून दाखवलंय, दोन पट्ट्या असतील तर दुसरा आणि चौथा स्लॉट, ए२ आणि बी२. बहुतेक बोर्डांवर तर स्लॉटशेजारीच बारीक अक्षरात छापलेलं असतं. मोबाईलचा टॉर्च लावून बघ.

मग परवा कोणाचा तरी व्हिडिओ बघून तू एक्स्पो लावलंस. स्क्रीन काळी झाली. बोर्डवर डीरॅम लिहिलेला पिवळा दिवा लागला. आणि तू दीड मिनिटात प्लग उपटलास! पुन्हा लावलास, पुन्हा उपटलास. अरे, डीडीआर५ची मेमरी नव्या सेटिंगवर पहिल्यांदा सुरू होते तेव्हा बोर्ड प्रत्येक तारेवर सिग्नल किती आधी, किती उशिरा, किती जोरानं पाठवायचा हे स्वतः मोजून ठरवतो. याला ट्रेनिंग म्हणतात. त्याला कित्येक मिनिटं लागू शकतात आणि तेवढा वेळ स्क्रीनवर काहीही दिसत नाही. दिवा लागला म्हणजे बोर्ड मेमरीशी काम करतोय; नेहमीच बिघाड नसतो. पंधरा मिनिटं हात मागे बांधून बसायचं. तरीही उठलं नाही, तर प्लग काढून सीमॉस क्लिअर करायचं, जम्परनं किंवा ती नाण्याएवढी बॅटरी काढून. नशीब, तेवढं तू शेवटी केलंस.

पण कोणत्या बायोसवर केलंस? बोर्डासोबत आलेल्या पहिल्याच. एकदाही अपडेट नाही. २०२३ मध्ये काय झालं माहीत आहे? एक्स्पो लावलेल्या काही मशीनमध्ये रायझन ७००० मालिकेचे प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले, त्यातही एक्स३डीवाले जास्त. एक्स्पो लावलं की काही बोर्ड प्रोसेसरच्या एसओसी भागाला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते. त्यानंतर एएमडीनं नव्या बायोसमधून ते १.३ व्होल्टवर बांधून टाकलं. तुझा बायोस त्याच्याही आधीचा आहे. प्रोसेसर जिवंत आहे, हे उपकार समज. बायोस अपडेट करताना मशीन इन्व्हर्टरवर घे. सध्या संध्याकाळी वादळ सुटतं आणि अर्ध्या अपडेटमध्ये लाईन गेली तर बोर्डच दुकानात न्यावा लागेल. त्या वेळी कोणाला फसवणारा म्हणशील?

इथपर्यंत सगळं अज्ञान म्हणून मी पोटात घातलं असतं. पुढचं नाही.

मशीन ६०००वर उठलं. विंडोज चालू झालं. तू खूश. आणि एवढ्यावर न थांबता बायोसमध्ये जाऊन हातानं ६४०० टाकलंस, का तर व्हिडिओतल्या माणसाचं चाललं. तपासलंस का? “चालू झालं ना सर, मग तपासायचं काय?” हे वाक्य तू मला ऐकवलंस, बाबू. मी ते विसरणार नाही. मेमरी चुकते म्हणजे मशीन बंदच पडतं असं नाही. ती एखादा बिट उलटा देते आणि पुढे चालत राहते. तो बिट गेममधल्या झाडाच्या पानाचा असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. तुझा बिट मात्र तू ऑर्डर घेऊन केलेल्या हळदीच्या कार्यक्रमाच्या व्हिडिओतला होता. कार्डावरून कॉपी करताना प्रत्येक बाइट मेमरीतूनच जातो; तू कॉपी केलीस, झिप करून ठेवलीस, एकदाही उघडून पाहिली नाहीस आणि कार्ड फॉरमॅट करून मोकळा झालास. आठ दिवसांनी झिप उघडली तर सीआरसी एरर. त्या मुलीची हळद पुन्हा लागणार आहे का? ॲडव्हान्स घेतला होतास ना? वेळेवर द्यायचं म्हणून वेग हवा होता म्हणतोस. आता काय वेळेवर देणार?

“डीडीआर५मध्ये ईसीसी असतंच की,” असंही वर तोंड करून सांगितलंस. चुका दुरुस्त करणारी ती सोय असते, पण मेमरीच्या चिपच्या पोटातली, चिपमधल्या चुकांपुरती. चिप आणि प्रोसेसरच्या मधल्या वाटेवर बिट बिघडला तर ती काही करू शकत नाही, आणि तू ६४००वर ताण दिलास तो नेमका त्याच वाटेवर. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर विजय भटकरांचा फोटो लावलास. मुरंब्याचा, अकोला जिल्ह्यातला माणूस, १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा करतो, याचा अभिमान मलाही आहे. पण फोटो लावणाऱ्यानं हेही शिकावं: बँकेत, हवामानाच्या केंद्रात, जिथे हिशेब चुकून चालत नाही तिथल्या सर्व्हरमध्ये पूर्ण ईसीसीची मेमरी असते आणि ती अधिकृत वेगावर चालते. कोणी तिथे व्हिडिओ बघून ६४०० टाकत नाही.

आणि महिना कुठला आहे? नवतपा तोंडावर आलाय. वर्ध्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तुझ्या खोलीला वरती पत्रा, कॅबिनेटची बाजू उघडी, आणि कूलरची तोटी थेट मशीनवर. कूलरची हवा थंड लागते, पण ती ओली असते आणि सोबत धूळ आणते. स्लॉटच्या दातांवर तीच बसते. उष्णतेचं तर विचारूच नकोस. डीरॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला चार्ज. तो गळत असतो, म्हणून डीडीआर५मध्ये प्रत्येक बिट ३२ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. चिप तापली की गळती वाढते. ८५ अंशांच्या वर गेली तर हे भरणं दुप्पट वेळा करावं लागतं, असं जेडेकचंच प्रमाण आहे. म्हणून जानेवारीत रात्रभर चाचणी पास झालेली मेमरी मे महिन्यातल्या दुपारी चुकू शकते, आणि तुझ्या मशीनमध्ये ग्राफिक्स कार्डाची गरम हवा वर थेट पट्ट्यांवरच येते. विदर्भात मेमरीची चाचणी उन्हाळ्यात घ्यायची, हे कुठल्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं. ते आपल्याला कळायला हवं.

शेवटचा पराक्रम: ६४००वर झिप फाटली, तर तुझा निष्कर्ष काय? मेमरी कमी पडली! म्हणून दुसऱ्या एका मित्राच्या दोन पट्ट्या उसन्या आणून चारही स्लॉट भरलेस, त्याही वेगळ्या कंपनीच्या. आता मशीन उठत नाही. उठेल कसं? चार पट्ट्या लावल्या की तुझ्या प्रोसेसरची अधिकृत हमी थेट ३६००वर येते. एका चॅनेलवर दोन पट्ट्या आल्या की सिग्नल बिघडतात. म्हणून ३२ गिगाबाइट हवे तर १६ च्या दोन, ६४ हवे तर ३२ च्या दोन, आणि त्या एकाच खोक्यातल्या. आणि भाव बघितलेस का सध्याचे? एआयच्या डेटा सेंटरनी चिपा ओढून नेल्यात. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत दुसऱ्याच्या पट्ट्या स्लॉटमध्ये रेटून बसवतोस!

तेव्हा आज रात्री हे कर. मित्राच्या पट्ट्या आधी परत कर. तुझ्या दोन पट्ट्या ए२ आणि बी२ मध्ये, दोन्ही बाजूंनी क्लिक ऐकू येईपर्यंत दाब. सीमॉस क्लिअर. बायोस नवा, इन्व्हर्टरवर. पहिल्यांदा काहीही न बदलता ४८००वर मशीन सुरू कर, मगच एक्स्पो लाव आणि पंधरा मिनिटं प्लगपासून लांब बस. उठलं की विंडोजमध्ये जायचं नाही. पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ टाकून त्यावरून मशीन सुरू कर आणि चारही फेऱ्या होऊ दे, रात्र जाईल. एकही एरर आली, एकही, तर वेग ५६००वर आण आणि पुन्हा पहिल्यापासून. ५६००ही नाही जमलं तर ५२००. त्यात लाज कसली? हमी तेवढीच होती. ६४०० हा आकडा मला तुझ्या स्क्रीनवर पुन्हा दिसता कामा नये. रात्रीची चाचणी पास झाली की तीच दुपारी दोन वाजता, कूलर बंद ठेवून, पुन्हा घे. दोन्ही वेळच्या पूर्ण स्क्रीनचे फोटो पाठव, तापमान आणि एररचा रकाना दिसेल असे. अर्धवट कापलेला फोटो चालणार नाही.

हळदीच्या घरी उद्याच जा आणि खरं काय झालं ते सांग. मशीनवर, कंपनीवर ढकलू नकोस. फॉरमॅट केलेलं कार्ड कॅमेऱ्यात घालू नकोस, त्यावर एक फोटोही काढू नकोस. नुसतं झटपट फॉरमॅट झालं असेल आणि वर नवीन काही लिहिलं गेलं नसेल तर फोटोरेकसारख्या फुकट प्रोग्रामनं बराच भाग परत मिळू शकतो. मिळेलच असं त्यांना सांगू नकोस. सोमवारी सकाळी कार्ड घेऊन माझ्याकडे ये. ते काम माझ्या जुन्या मशीनवर करू; मेमटेस्टचे फोटो येईपर्यंत तुझ्या मशीनवर कुणाचीही फाईल चढणार नाही.